पार्श्वभूमी : इन्सुलिन रेझिस्टन्स, हृदयाचा धोका आणि एका नावाची ओढाताण

हृदय कमजोर झालेल्या, पण मधुमेह नसलेल्या रुग्णाला आज मधुमेहाची म्हणून तयार झालेली गोळी लिहून दिली जाते. चिठ्ठी हातात पडली की तो हमखास विचारतो, "म्हणजे मला शुगर आहे का?" शुगर नसते. तरीही गोळी योग्यच असते. साखर उतरवणारे औषध हृदयासाठी कसे काय वापरात आले, हे कळायचे तर साखरेचा हिशेब बाजूला ठेवून या संशोधनाकडे हृदयाच्या बाजूने पाहावे लागते. आणि तसे पाहू लागले की वाटेत एक नाव आडवे येते : मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे साखर, चरबी, रक्तदाब यांतल्या बिघाडांच्या एकत्र मोळीला दिलेले नाव. या टिपणात त्या नावाला जास्त जागा दिली आहे, कारण पंधरा-वीस वर्षांचा वाद त्याच्याभोवतीच फिरला.

मुळाशी आहे एक साधे निरीक्षण. १९३६ मध्ये लंडनमधील एका डॉक्टरने मधुमेहींना ग्लुकोज पाजले आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन दिले. काहींची साखर आवरली गेली, तर काहींची तेवढ्याच इन्सुलिनला दाद न देता चढतच राहिली. मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा, एवढेच तेव्हा मानले जात होते. इन्सुलिन असूनही शरीर त्याचे ऐकत नाही, असा दुसरा प्रकार, म्हणजेच इन्सुलिन रेझिस्टन्स, असू शकतो हे इथे प्रथम स्पष्ट झाले. पण रक्तातले इन्सुलिन मोजण्याची सोयच नव्हती. ती १९६० मध्ये रेडिओइम्युनोअसे या किरणोत्सर्गी खूण वापरणाऱ्या चाचणीने झाली, आणि प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी तर नाहीच, उलट जास्त आहे असे दिसले.

इन्सुलिनला शरीर किती दाद देते, हे नेमके मोजण्याची पद्धत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला 'क्लॅम्प' म्हणतात. ती प्रत्यक्षात कशी चालते हे पाहिल्याशिवाय पुढचा गोंधळ कळत नाही. माणूस रात्रभर उपाशी असतो. एका हाताच्या शिरेतून ठरलेल्या वेगाने इन्सुलिन सोडले जाते. दुसरा हात गरम पेटीत ठेवतात, म्हणजे त्या शिरेतले रक्त धमनीतल्या रक्ताच्या जवळपास येते. दर ५ मिनिटांनी त्या हातातून रक्त घ्यायचे, साखर पाहायची आणि ती घसरू नये म्हणून ग्लुकोजच्या सलाईनचा वेग कमी-जास्त करायचा. असे सुमारे दोन तास चालते. साखर जागच्या जागी धरून ठेवायला ग्लुकोज भरपूर लागले तर शरीर इन्सुलिनचे ऐकते आहे, थोडक्यात भागले तर रेझिस्टन्स आहे.

पद्धत चोख आहे, पण ओपीडीत दिवसाला साठ रुग्ण तपासणाऱ्याने ती कुठे करायची? १९८५ मध्ये एक सोपे सूत्र आले : उपाशीपोटीचे इन्सुलिन गुणिले उपाशीपोटीची साखर (मिलिमोलमध्ये), भागिले २२.५. हजारो लोकांच्या अभ्यासाला ते बरे पडते. पण इन्सुलिनची चाचणी प्रत्येक लॅबमध्ये सारखी नाही, त्यामुळे एका ठिकाणचा आकडा दुसरीकडच्या आकड्याशी जुळेलच असे नसते. ज्या गोष्टीभोवती सगळा सिद्धांत उभा राहणार होता, ती गोष्ट दवाखान्यात नीट मोजताच येत नव्हती. माझ्या मते पुढच्या वादाची गाठ इथेच आहे.

१९८८ मध्ये एका मानाच्या व्याख्यानात अमेरिकेतील एका संशोधकाने धागे एकत्र बांधले. वाढलेले इन्सुलिन, बिघडलेली साखर, चढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), उतरलेले एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) आणि वाढता रक्तदाब या सुट्या तक्रारी नाहीत, त्या इन्सुलिन रेझिस्टन्स या एकाच मुळाच्या फांद्या आहेत आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या आहेत, अशी ही मांडणी. अशा लक्षणांची मोळी १९२३ पासून अधूनमधून कोणी ना कोणी नोंदवली होती, पण त्यांना एक कारण देण्याचे धाडस या मांडणीत होते. त्यांनी तिला 'सिंड्रोम एक्स' म्हटले. हृदयरोगतज्ज्ञांकडे हे नाव आधीच वापरात होते, मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही छातीत दुखणाऱ्या रुग्णांसाठी. त्यामुळे नावाची पहिली ठेच तिथेच लागली. आणखी एक गोष्ट आज विसरली जाते : या मूळ यादीत लठ्ठपणा नव्हता. सडपातळ माणसातही इन्सुलिन रेझिस्टन्स असू शकतो, म्हणून तो मुद्दाम बाहेर ठेवला होता.

नंतर याच मोळीला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हटले जाऊ लागले आणि व्याख्यांची रांग लागली. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने इन्सुलिन रेझिस्टन्स किंवा बिघडलेली साखर ही अट सक्तीची ठेवली आणि तिच्या जोडीला आणखी दोन खुणा मागितल्या. साखर ठीक असलेल्या माणसात रेझिस्टन्स दाखवायला क्लॅम्प हवा होता, म्हणजे व्यवहारात व्याख्या अर्धी कागदावरच राहिली. १९९९ मध्ये युरोपीय गटाने उपाशीपोटीचे इन्सुलिन घेतले आणि मधुमेहींना वगळले. २००१ मध्ये अमेरिकेतील कोलेस्टेरॉलविषयक तज्ज्ञसमितीने सरळ मोजपट्टी आणि रक्तदाबाचे यंत्र हातात घेतले : कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर; पाचांपैकी कोणतेही तीन. डॉक्टरांना हे लगेच पटले. पण त्या पाचांत इन्सुलिन कुठेच नव्हते. ज्या कारणापोटी ही संकल्पना जन्मली, तेच कारण व्याख्येतून निघून गेले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील रोगांच्या वर्गीकरणात या सिंड्रोमला स्वतःचा क्रमांकही मिळाला.

मग २००५. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेने कंबरेचा घेर सक्तीचा केला आणि त्याच्या मर्यादा वंशानुसार वेगळ्या ठेवल्या : युरोपीय पुरुषांसाठी ९४ सेंटीमीटर, दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९०. लठ्ठपणा मुद्दाम बाहेर ठेवणारी कल्पना सतरा वर्षांत लठ्ठपणाशिवाय कोणाला दारातही उभे राहू देईना.

याचा अर्थ एका माणसावर करून पाहू. पुरुष, कंबर ९६ सेंटीमीटर, ट्रायग्लिसराइड १६५, एचडीएल ३८, रक्तदाब १२४/८०, उपाशीपोटीची साखर १०४. २००१ च्या नियमाने कंबरेची मर्यादा १०२ आणि साखरेची ११०, म्हणजे त्याच्या खात्यात दोनच खुणा. त्याला सिंड्रोम नाही. २००५ च्या नियमाने कंबर बसते, साखरेची मर्यादा १०० वर आलेली आहे, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल आहेतच. त्याला सिंड्रोम आहे. आता कंबर ८८ धरा, बाकी सारे तेच. २००५ च्या व्याख्येत तो पुन्हा बाहेर. २००९ मध्ये अनेक संघटनांनी मिळून समेटाची व्याख्या केली आणि कंबरेची सक्ती काढली. तो पुन्हा आत. या सगळ्या काळात त्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये काहीही बदललेले नाही.

२००५ मध्येच अमेरिका आणि युरोपमधील मधुमेहतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी संयुक्त निवेदन काढून या नावालाच आव्हान दिले. त्यातला सर्वांत जड मुद्दा असा : सिंड्रोममुळे दिसणारा हृदयाचा धोका त्याच्या घटकांच्या बेरजेपेक्षा जास्त नाही, आणि उपचारही शेवटी प्रत्येक घटकावरच करायचा आहे, मग वेगळे निदान कशाला? वय, धूम्रपान, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) यांना त्या पाचांत स्थान नाही. वीस वर्षे सिगारेट ओढणारा आणि एलडीएल १९० असणारा माणूस या व्याख्येत निर्धोक ठरू शकतो. १९८८ चे व्याख्यान देणारे संशोधकही पुढे या निदानाचे कडवे टीकाकार झाले. इन्सुलिन रेझिस्टन्सचा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही. २०१० मध्ये जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञगटाने ही संकल्पना समजावून सांगायला ठीक, पण निदान किंवा उपचारासाठी फारशी उपयोगाची नाही, असा निर्वाळा दिला. समर्थकांची बाजूही खरी आहे : या नावामुळे कंबर मोजण्याची सवय लागली. तरी मला टीकाकारांचे म्हणणे अधिक पटते. लेबल लागले नाही म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाची जबाबदारी कोण घेणार?

याच काळात दुसरा एक निर्णयही वादात सापडला. १९९८ मध्ये फिनलंडमधील सात वर्षांच्या पाठपुराव्यात मधुमेह असलेल्या पण पूर्वी हृदयविकाराचा झटका न आलेल्यांपैकी २०.२ टक्क्यांना झटका आला. मधुमेह नसलेल्या पण आधी झटका येऊन गेलेल्यांमध्ये हे प्रमाण १८.८ टक्के होते. त्यावरून २००१ च्या मार्गदर्शक सूचनांनी मधुमेह हा हृदयविकाराच्या बरोबरीचा मानला. २००९ च्या एकत्रित विश्लेषणात मात्र केवळ मधुमेह असणाऱ्यांचा धोका आधी झटका येऊन गेलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी निघाला. मधुमेह ठरवणारी उपाशीपोटीच्या साखरेची १२६ ची रेषादेखील १९९७ मध्ये मुख्यतः डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या इजेवरून आखलेली आहे. हृदयाचा धोका ती रेषा ओलांडायची वाट पाहत नाही.

औषधांच्या चाचण्यांची कहाणी वेगळ्या रस्त्याने गेली आणि तिची सुरुवात भीतीने झाली. १९७० मध्ये अमेरिकेतील एका दीर्घ चाचणीत टोल्ब्युटामाइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या २०४ रुग्णांपैकी २६ हृदयविकाराने दगावले. प्लासिबो (औषध नसलेली बनावट गोळी) घेणाऱ्या २०५ पैकी १०. डॉक्टरांमध्ये उभी फूट पडली, कच्ची माहिती मिळवण्यासाठीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषधाच्या माहितीपत्रकावर इशारा छापला जायला १९८४ उजाडले. १९९८ च्या ब्रिटिश चाचणीत साखर काटेकोर ठेवल्याने डोळे आणि मूत्रपिंडे वाचली, पण हार्ट अटॅकमधली १६ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात अडली. दहा वर्षांच्या पुढच्या पाठपुराव्यात ती टिकली. २००८ मध्ये १०,२५१ रुग्णांच्या चाचणीत एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला, आणि कडक उपचारांच्या गटात २५७ तर सौम्य गटात २०३ मृत्यू झाल्यावर तो भाग थांबवावा लागला. साखर जितकी खाली तितके हृदय सुरक्षित, हा हिशेब तिथे मोडला.

त्याआधी वर्षभर, २००७ मध्ये, रोसिग्लिटाझोनवर हार्ट अटॅक वाढवल्याचा आरोप झाला. इन्सुलिन रेझिस्टन्स कमी करणारे म्हणूनच ते गाजले होते, त्यामुळे हा घाव सिद्धांतालाही लागला. २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील औषध नियामकाने मधुमेहाच्या नव्या औषधांना हृदयासाठी सुरक्षित असल्याचा पुरावा देणे सक्तीचे केले. नियम अपाय शोधण्यासाठी होता, निघाला लाभ. २०१५ मध्ये ७,०२० रुग्णांवरच्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या या औषधाने साखरेत पाडलेला फरक माफक होता आणि औषध आणि प्लासिबो गटांचे आलेख काही महिन्यांतच एकमेकांपासून दूर जाऊ लागले होते. २०१९ मध्ये त्याच गटातील डापाग्लिफ्लोझिनची चाचणी हृदय कमजोर असलेल्या ४,७४४ जणांवर झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह नव्हता, आणि फायदा दोघांनाही झाला. सुरुवातीच्या रुग्णाच्या चिठ्ठीचे मूळ इथे आहे.

मग इन्सुलिन रेझिस्टन्सवर थेट घाव घातला तर हृदय वाचते का? हा प्रश्न समोरासमोर फार कमी वेळा विचारला गेला. २००९ च्या एका चाचणीत मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या २,३६८ जणांपैकी निम्म्यांना रेझिस्टन्स कमी करणारी औषधे दिली, निम्म्यांना इन्सुलिन वाढवणारी. पाच वर्षांनी जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण ८८.२ आणि ८७.९ टक्के. काहीच फरक नाही. २०१६ मध्ये मात्र लकवा किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेले, मधुमेह नसलेले, पण सूत्रानुसार रेझिस्टन्स असलेले ३,८७६ जण निवडले गेले. पायोग्लिटाझोन हे रेझिस्टन्स कमी करणारे औषध घेणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांना पुन्हा लकवा किंवा हार्ट अटॅक आला, प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ११.८ टक्क्यांना. हा फायदा फुकटचा नव्हता : वजन वाढले, सूज आली, हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. तरी १९८८ च्या कल्पनेच्या बाजूचा याहून थेट पुरावा माझ्या नजरेत नाही, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली याची खंत वाटते.

२०२३ मध्ये अमेरिकेतील हृदयरोग संस्थेने हृदय, मूत्रपिंड आणि चयापचय यांना एकत्र बांधणारे नवे नाव आणि शून्य ते चार अशा पायऱ्या मांडल्या. इन्सुलिन मोजायची अट त्यातही नाही. मेटाबॉलिक सिंड्रोम मात्र आहे. दुसऱ्या पायरीवर, पाचांपैकी तीन या जुन्याच हिशेबाने.