बीपीची यादी आशाताईंच्या हातात कशी आली

विदर्भातल्या आरोग्य उपकेंद्रात बीपी मोजायला आलेली बाई बहुतेक वेळा स्वतःहून आलेली नसते. 'तिशी झाली ना तुई, चाल मंग' असं म्हणत गावच्या आरोग्य स्वयंसेविकेनं, म्हणजे आशाताईंनी, तिला घरून उठवून आणलेलं असतं. हृदयविकार टाळण्याचं गावपातळीवरचं काम आज अशा बोलावण्यावर चालतं. बाळंतपणासाठी नेमलेल्या बाईकडे हे काम कसं आलं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

गावातल्याच माणसाला शिकवून आरोग्याचं काम द्यायची देशव्यापी योजना २ ऑक्टोबर १९७७ ला सुरू झाली. हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५० रुपये. पिशवीत ताप, जुलाब, खोकल्याची औषधं. हृदयविकार तेव्हा शहरातल्या साहेबलोकांचा आजार समजला जायचा. पुढे ती योजना विरत गेली. १९९० च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत मात्र गावच्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं वाचवून दाखवली. कमी शिकलेल्या बाईला नेमकं काम नीट शिकवलं तर ती ते चोख करते, हे तिथे सिद्ध झालं. २००५ मध्ये आशा आल्या, त्यांच्याकडेही मुख्य काम माता-बालकांचंच होतं.

दरम्यान आजार बदलले होते. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी असंसर्गजन्य (संसर्गाने न पसरणाऱ्या, म्हणजे हृदयविकार, मधुमेह अशा) आजारांचे मृत्यू १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होते, २०१६ मध्ये ते ६२ टक्क्यांच्या आसपास गेले. या आजारांसाठी २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, पण त्याचा भर रुग्णालयावर होता. छातीत कळ आल्यावर माणूस तिथे पोचणार. गडचिरोलीतल्या भामरागडहून नागपूर ३०० किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे तो किती वेळात पोचणार, हे सांगायला नको.

खरा बदल २०१७ नंतरचा. तिशीवरच्या प्रत्येकाची तपासणी करायचं ठरलं आणि घरोघरी फॉर्म भरायचं काम आशांकडे आलं. त्याच सुमारास रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. राज्यातल्या त्याच्या पहिल्या चार जिल्ह्यांत वर्धा आणि भंडारा होते. पद्धत साधी: ठरलेली गोळी, महिनाभराचा पुरवठा, पुन्हा मोजणी. अडचण गोळीची नव्हतीच. 'मले तं काईच होत नाई, कायले खाऊ गोळी?' या प्रश्नाला उत्तर द्यायला दर महिन्याला त्याच दारात जावं लागतं, अडचण ती होती.

फॉर्ममधला गुणांचा भाग एका पानात मावतो. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याची हालचाल, घरात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार आहे का. या उत्तरांचे गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला आधी तपासायचं. मी अंगणात बसून हे भरताना पाहिलंय. सासू समोर असताना सुनेच्या कंबरेला टेप लावायचा म्हणजे आधी चहा, मग लेकराची चौकशी, मग माजघराचं दार लोटून मोजमाप. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की एक गुण, ९० च्या वर दोन. तंबाखूच्या रकान्यापाशी दादा 'नाही' म्हणतात आणि त्यांच्याच खिशातून खर्ऱ्याची पन्नी डोकावत असते. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा इकडे कुणी तंबाखूत मोजतच नाही. ताई 'नाही' खोडतात आणि मग पाऊण तास बोलत बसतात.

या फॉर्मचा मोबदला १० रुपये ठरला. त्या पाऊण तासाला रकाना नाही.

इथे 'स्वयंसेविका' या शब्दाकडे यावंच लागतं. १९७७ च्या योजनेत नेमलेल्यांना आधी 'कार्यकर्ता' म्हटलं होतं. १९८० मध्ये ते 'स्वयंसेवक' झाले आणि १९८१ मध्ये 'मार्गदर्शक'. पाच वर्षांच्या आत तीन नावं, रक्कम तीच. आशांना तर पहिल्या दिवसापासून स्वयंसेविका म्हटलं गेलं. त्यांना मिळतो तो 'मोबदला', त्याला पगार म्हणत नाहीत. पगार म्हटलं की रजा, निवृत्तिवेतन, किमान वेतन आलं. अशा योजनांतल्या बायकांना कामगार माना, अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेत झाली होती. स्वेच्छेने केलेलं काम गावाला आपलं वाटतं, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो थोड्या दिवसांच्या कामाला लागू पडतो. बाळंतपण एकदा होतं आणि नोंद पूर्ण होते. बीपी जन्मभर सांभाळायचा असतो, आणि न आलेल्या अटॅकची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. कामागणिक पैसे द्यायची रीत बाळंतपणासाठी बसवलेली होती, ती तशीच या कामावर चढवली गेली.

कोविडमध्ये याच बायका दारोदार फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक पातळीवर त्यांचा गौरव झाला. त्याआधी जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या होत्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या पुन्हा गेल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला आणखी एकदा. मार्च २०२४ मध्ये राज्याने महिन्याला ५,००० रुपयांची वाढ दिली, तीही 'मोबदल्यात वाढ' म्हणूनच. उपकेंद्रांच्या पाट्यांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलंय. आशाताईंच्या वहीत मात्र 'आशा स्वयंसेविका' हेच पद आहे, आणि महिना भरला की गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजायला त्या त्याच घरी जातात.