ॲक्युपंक्चर

शरीरावरील ठरावीक बिंदूंमध्ये अतिशय बारीक, भरीव सुया टोचून वेदना शमवण्याची व विकारांवर उपचार करण्याची पूर्व आशियाई पद्धती. तिचा उगम चीनमध्ये झाला आणि कोरिया, जपान व व्हिएतनाम या देशांत तिला निरनिराळी वळणे लागली. सुईसाठी असलेला लॅटिन शब्द आणि टोचणे या अर्थाचा लॅटिन शब्द यांच्या जोडणीतून हे नाव बनले असून, जपानमध्ये नागासाकी बंदरातील देजिमा या डच वखारीत काम केलेल्या विलेम टेन ऱ्हाइने या वैद्याच्या १६८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधामुळे ते युरोपात रुजले. मूळ चिनी शब्द ‘जेनजिऊ’ असा आहे. त्यातील ‘जेन’ म्हणजे सुई आणि ‘जिऊ’ म्हणजे वाळवलेली वनस्पती त्वचेवर किंवा त्वचेजवळ जाळून दिलेला शेक. युरोपीय नावात या जोडीतला दुसरा अर्धा भाग गळाला आणि केवळ सुई उरली. ॲक्युपंक्चरविषयीचे पुष्कळसे गैरसमज येथूनच सुरू होतात, कारण चिनी परंपरेत सुई ही औषधी वनस्पती, शेक, मर्दन, आहार आणि व्यायाम यांच्या सोबतीने येते, एकटी नव्हे.

या वैद्यकाची बैठक ‘ची’ या कल्पनेवर आहे. ‘ची’ला मराठीत प्राण किंवा ऊर्जा म्हणण्याची पद्धत असली, तरी जुन्या ग्रंथांत तिचा अर्थ वाफ, श्वास, हवामान आणि शरीरातील हालचाल यांच्या मधोमध कुठेतरी असतो. ही ‘ची’ रक्तासह ज्या मार्गांनी वाहते त्यांना ‘जिंगलुओ’ म्हणतात. ‘जिंग’ म्हणजे मागावरचे उभे सूत, आपल्याकडच्या विणकरांचा ताणा, आणि ‘लुओ’ म्हणजे त्यांना जोडणारे जाळे. पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेला ‘मेरिडियन’ हा शब्द नकाशावरील रेखावृत्ताची आठवण करून देतो, त्यामुळे विणीची ही मूळ प्रतिमा त्यात हरवते. मुख्य वाहिन्या बारा असून त्यांत शरीराच्या मध्यरेषेवरील पुढची व मागची अशा दोन वाहिन्या मिळवल्या की चौदा होतात. प्रमाणित केलेले ३६१ बिंदू या चौदा वाहिन्यांवर येतात. बिंदूसाठीच्या चिनी शब्दाचा अर्थ विवर किंवा खळगा असा आहे, आणि अनेक बिंदू खरोखरच हाडांमधील किंवा स्नायूंमधील खोलगट जागी सापडतात.

यिन (शीत, स्थिर बाजू) आणि यांग (उष्ण, चंचल बाजू) ही परस्परपूरक जोडी व ‘वू शिंग’ म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाच अवस्था यांच्या साहाय्याने शरीराचे वर्णन केले जाते. मराठी वाचकाला येथे पंचमहाभूते आठवतील, परंतु ही तुलना फार पुढे नेता येत नाही. पंचमहाभूते ही पदार्थ कशाचा बनला आहे हे सांगतात, तर वू शिंग एकातून दुसरे कसे निपजते आणि एक दुसऱ्याला कसे आवरते हे सांगतात. लाकडातून अग्नी, अग्नीतून राखेची माती, मातीतून धातू असे हे चक्र चालते. प्रत्येक अवस्थेला एक ऋतू, एक इंद्रिय, एक भावना आणि अवयवांची जोडी लावलेली असते. यकृताचे नाते लाकूड, वसंत, डोळे आणि राग यांच्याशी, तर मूत्रपिंडाचे नाते पाणी, हिवाळा, कान, हाडे आणि भय यांच्याशी मानले जाते. साहजिकच चिनी वैद्य ‘यकृत बिघडले आहे’ असे म्हणतो तेव्हा तो शवविच्छेदनात दिसणाऱ्या यकृताविषयी बोलत नसतो. तो कार्यांच्या एका गटाला नाव देत असतो. ‘सान जियाओ’ या अवयवाला तर दृश्य आकारच नाही, तरीही त्याची स्वतंत्र वाहिनी आहे.

या पद्धतीला समग्र म्हटले जाते ते कोणत्या अर्थाने, हे तपासणीच्या वेळी कळते. वैद्य रुग्णाला पाहतो, त्याचा आवाज ऐकतो व गंध घेतो, झोप, भूक, घाम, मलमूत्र आणि पाळी यांविषयी विचारतो, आणि शेवटी नाडी पाहतो. दोन्ही मनगटांवर तीन तीन जागी बोटे ठेवून नाडीची खोली, गती, रुंदी व ताण यांची नोंद केली जाते. जिभेचा रंग, आकार आणि तिच्यावरील थर हाही निदानाचा मोठा आधार असतो. डोकेदुखी घेऊन आलेल्या दोन रुग्णांचे उदाहरण घेता येईल. एकाच्या कानशिलांत ठणका आहे, तो चिडचिडा झाला आहे, जिभेच्या कडा लाल आहेत आणि नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते. त्याच्या यकृताचे यांग वर चढले आहे असे निदान होते आणि पायाचा अंगठा व त्याशेजारील बोट यांच्यामधील ‘ताइचोंग’ या बिंदूवर सुई टोचली जाते. दुसऱ्याचे डोके मंद दुखते, थकल्यावर वाढते, जीभ फिकी आहे आणि नाडी क्षीण आहे; त्याच्या बाबतीत गुडघ्याखालील ‘त्सुसानली’ या बिंदूवर बळ देणारा उपचार होतो व तेथे शेकही दिला जातो. एका रोगाला वेगवेगळे उपचार आणि वेगवेगळ्या रोगांना एकच उपचार, असे हे सूत्र चिनी वैद्यकात शिकवले जाते. समग्रतेचा ठोस अर्थ हाच आहे. मनःशांती, निसर्गाशी एकरूपता वगैरे जे जाहिरातींत येते ते बहुतांशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य भर आहे.

आधुनिक सुया स्टेनलेस स्टीलच्या, निर्जंतुक व एकदाच वापरायच्या असतात. त्यांची जाडी साधारणपणे पाव मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. सुई ठरावीक खोलीवर गेल्यावर वैद्य ती फिरवतो किंवा किंचित वरखाली करतो, तेव्हा रुग्णाला जडपणा, ठणक किंवा झिणझिण्या जाणवतात. चिनी वैद्य याला ‘ची’ आली असे म्हणतात. सुया वीस ते तीस मिनिटे ठेवतात. १९५० नंतर सुयांना सौम्य विद्युत्प्रवाह जोडण्याची रीतही प्रचारात आली. शेकासाठी वापरली जाणारी वनस्पती आपल्याकडे देवाला वाहिल्या जाणाऱ्या दवण्याच्याच प्रजातीतली आहे. तिच्या पानांची लोकर करून, गोळी किंवा कांडी वळून ती पेटवतात. तुंबड्या लावणे हाही या उपचारांचा भाग आहे आणि तो भारतीय गावांना नवा नाही. सुईऐवजी बोटाने दाब देण्याच्या पद्धतीला ॲक्युप्रेशर म्हणतात. महाराष्ट्रातील बाजारांत काटेरी चपला आणि रोलर या रूपांत तिचा प्रसार एवढा झाला आहे की अनेकांना दोन्ही पद्धती एकच वाटतात.

इतिहास : या पद्धतीला पाच हजार वर्षे जुनी म्हणण्याची प्रथा आहे, पण उपलब्ध पुरावा त्याला दुजोरा देत नाही. हूनान प्रांतातील मावांगदुई येथे इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यातून १९७३ मध्ये मिळालेल्या रेशमी हस्तलिखितांत अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे. उपचार म्हणून तेथे शेक सांगितला आहे, सुई नाही. इ. स. पू. ११३ मध्ये मरण पावलेल्या लिऊ शेंग या राजपुत्राच्या थडग्यात मात्र सोन्याच्या व चांदीच्या सुया सापडल्या. ‘हुआंगदी नेइजिंग’ हा पायाभूत ग्रंथ साधारणपणे याच सुमाराच्या शतकांत संकलित झाला. त्याच्या ‘लिंगशू’ या भागात नऊ प्रकारच्या सुया वर्णिल्या असून त्यांपैकी काही रक्त काढण्यासाठी व गळू फोडण्यासाठी होत्या, म्हणजे आरंभीची सुई शस्त्रक्रियेच्या हत्याराच्या जवळची होती. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी याने बिंदूंचे पद्धतशीर संकलन केले. सोंग राजवटीत वांग वेइयी याच्या देखरेखीखाली १०२७ मध्ये बिंदू कोरलेल्या पूर्णाकृती काशाच्या प्रतिमा घडवल्या गेल्या. परीक्षेच्या वेळी प्रतिमेवर मेणाचा लेप देऊन आत पाणी भरत आणि विद्यार्थ्याची सुई बरोबर बिंदूवर गेली तर पाणी बाहेर येई, असे वर्णन आढळते. यांग जीजोऊ याचा १६०१ मधील ग्रंथ हा जुन्या परंपरेचा मोठा सारसंग्रह होय.

त्यानंतर उतरती कळा लागली. १८२२ मध्ये छिंग सम्राटाच्या आज्ञेने राजवैद्यांच्या संस्थेतून सुई व शेक यांचे शिक्षण बंद झाले. १९२९ मध्ये पारंपरिक वैद्यक मोडीत काढण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि वैद्यांच्या तीव्र विरोधामुळे तो बारगळला. आज जगभर शिकवले जाणारे ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ हे बऱ्याच अंशी १९४९ नंतरच्या साम्यवादी राजवटीत घडले. डॉक्टर थोडे, खेडी असंख्य आणि पैसा अपुरा अशा स्थितीत सरकारने परस्परविरोधी घराण्यांच्या परंपरा एकत्र करून, त्यांतील दैवी भाग वगळून, एकसारखी पाठ्यपुस्तके तयार करवली, आणि १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगजोऊ व छंगदू येथे महाविद्यालये सुरू केली. या वैद्यकाची आज दिसणारी सुसंगत, सर्वसमावेशक रचना हे प्राचीन ऋषितुल्य पुरुषांपेक्षा पाठ्यपुस्तक मंडळांचे कार्य अधिक आहे, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

जपान व कोरिया येथील परंपरा या घुसळणीतून गेल्या नाहीत, म्हणून त्या निराळ्या दिसतात. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने सुई टोचण्यासाठी छोट्या नळीचा वापर रूढ केला. नळीतून सुई बाहेर डोकावते तेवढ्या भागावर बोटाने टिचकी मारली की ती वेदनेविना त्वचेत शिरते. आज जगभर हीच नळी वापरली जाते. अंधांसाठी त्याने शाळा काढल्या आणि जपानमध्ये हा व्यवसाय अंध व्यक्तींच्या उपजीविकेचे साधन बनला. कोरियात हो जुन याचा ‘दोंगुई बोगाम’ हा १६१३ मध्ये छापलेला ग्रंथ मानदंड मानला जातो. चीन, जपान व कोरिया या तीन देशांतील तज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने बिंदूंच्या जागा जुळवून पाहिल्या तेव्हा ९२ बिंदूंबाबत मतभेद निघाले. २००८ मध्ये प्रमाण जागा प्रसिद्ध झाल्या तरी सहा बिंदूंसाठी पर्यायी जागा ठेवाव्या लागल्या. चीनमधील सुई व शेक यांच्या परंपरेचा युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला.

अमेरिकेत या विषयाचे कुतूहल जेम्स रेस्टन या पत्रकाराच्या १९७१ मधील वृत्तांताने जागे झाले. बीजिंगमध्ये त्याच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ती सुयांच्या भुलीखाली झाली असे अजूनही छापले जाते, परंतु भूल नेहमीच्या औषधाची होती. सुया टोचल्या गेल्या त्या नंतरच्या पोटातील अस्वस्थतेसाठी.

परिणामकारकता : कंबरदुखीवरील जर्मनीतील एका मोठ्या चाचणीचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या वादाचे मर्म दाखवतात. १,१६२ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनी सुधारणा झालेल्यांचे प्रमाण खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के, बिंदू सोडून इतरत्र वरवर सुया टोचलेल्यांच्या गटात ४४.२ टक्के आणि औषधे व व्यायाम असे रूढ उपचार घेतलेल्यांच्या गटात २७.४ टक्के होते. समर्थक तिसऱ्या आकड्याकडे बोट दाखवतात, टीकाकार दुसऱ्याकडे, आणि दोघांचेही म्हणणे आकड्यांना धरूनच असते. रुग्णाला बरे वाटते, पण नेमक्या बिंदूला फारसे महत्त्व दिसत नाही. म्हणजे उपचार टिकतो आणि त्यामागील वाहिन्यांचा सिद्धांत डळमळतो. वाहिन्यांना शारीररचनेत आधार सापडलेला नाही. वेदनाशमनाचे स्पष्टीकरण शरीरात तयार होणारी एंडॉर्फिनसारखी द्रव्ये, चेतासंस्थेचा प्रतिसाद, वैद्याने दिलेला वेळ आणि रुग्णाची अपेक्षा यांच्या आधारे दिले जाते. दीर्घकालीन वेदना, अर्धशिशी, तसेच शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांबाबत पुरावा तुलनेने बरा आहे. कर्करोग, मधुमेह किंवा वंध्यत्व बरे करण्याच्या दाव्यांना तसा आधार नाही. प्रशिक्षित हातांत गंभीर अपाय क्वचित होतो, मात्र छातीवर खोल गेलेल्या सुईने फुप्फुसाभोवती हवा साचल्याच्या आणि पुन्हा वापरलेल्या सुयांतून कावीळ ‘ब’ पसरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

भारतातील प्रसार : १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला भारताने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर हे दोघे होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. कोटणीसांच्या नावाने चालणाऱ्या स्मृती समित्यांनी या उपचाराची केंद्रे उभारली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराचे एक साधन म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये यासाठी कायदा केला होता. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१५ चा असून त्यानुसार व्यावसायिकांची नोंदणी व अभ्यासक्रमांचे नियमन करण्यासाठी राज्य परिषदेची तरतूद करण्यात आली.