वाळू नसलेला किनारा

"मामा, चपला नका घालू, बूट घाला," भाचीने निघतानाच बजावलं होतं. मी ऐकलं नाही. आंजर्ल्याच्या पुळणीत अनवाणी वाढलेल्या माणसाने समुद्रावर बूट घालून जायचं म्हणजे काय! वेमथहून बसने पोर्टलंडच्या टोकाला उतरलो, समोरचा चढ चढू लागलो आणि दहा पावलांत अक्कल ठिकाणावर आली. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली घसरतं आणि टाचेखालचा दगड नेमका भार पडला की बाजूला होतो. धापा टाकत वर पोचलो. पलीकडे इंग्लिश खाडी, आणि उजव्या हाताला नजर पोचेल तिथवर नुसते गोटे. वाळूचा कण नाही.

हा चेझिलचा किनारा. दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात सुमारे २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा हा बांध समुद्राने स्वतःच घातला आहे. पोर्टलंडकडे त्याची उंची चार मजली इमारतीएवढी भरते. बांधाच्या मागे फ्लीट नावाचं खाऱ्या पाण्याचं लांबोडकं तळं आहे. 'चेझिल' हा शब्दही जुन्या इंग्रजीतल्या खडी-गोट्यांसाठीच्या शब्दावरून आला. २००१ साली हा सगळा किनारपट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

इथला कुठलाही गोटा उचला, बहुतेक वेळा तो चकमकीचा किंवा तिच्या भावकीतल्या चर्टचा निघतो. चकमकीची जन्मकथा मजेदार आहे. खडियुगात, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळात, हा भाग समुद्राखाली होता. तळावर सूक्ष्म जिवांच्या कवचांचा थर साचत गेला आणि त्याचा खडू झाला. त्याच तळावर राहणाऱ्या स्पंजांच्या अंगात मात्र सिलिकाचे काटे होते. स्पंज मेले, सिलिका पाण्यात विरघळली आणि खडूच्या पोकळ्यांमध्ये पुन्हा घट्ट होऊन बसली. ती ही चकमक. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, ही त्याच्याहून म्हातारी. मऊ खडूचे कडे ढासळले की खडू पाण्यात जिरून जातो आणि मागे ही हट्टी चकमक उरते.

कड्यातून निघाली तेव्हा ती वेडीवाकडी, धारदार असते. मग गोल कशी होते? एकमेकींवर आपटून, हे कुणीही सांगेल. पण आधी दगड लहान होतो की आधी गोल? हंगेरीचे गणिती गाबोर डोमोकोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीतल्या गोट्यांवर याचा छडा लावला. दगड आधी फक्त कोपरे गमावतो, त्याची जाडी जवळपास तशीच राहते. सगळे कोपरे गेल्यावरच तो खऱ्या अर्थाने बारीक होऊ लागतो. कारण सोपं आहे: बाहेर आलेल्या टोकालाच सगळ्यात जास्त ठोकर बसते. या हिशेबाचा उपयोग थेट मंगळावर झाला. २०१२ साली क्युरिऑसिटी या गाडीला तिथल्या गेल विवरात गोलसर गोटे सापडले. नुसत्या फोटोंतल्या आकारावरून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की या दगडांचा साधारण पाचवा हिस्सा झिजला आहे, म्हणजे ते जवळपास ५० किलोमीटर वाहत आले असावेत. आपल्याकडे नर्मदेतल्या गुळगुळीत गोट्याला बाण म्हणून देवघरात बसवतात, त्याचीही घडण याच रीतीची.

आता आवाजाबद्दल. या किनाऱ्यावर पाहण्याआधी ऐकायचं असतं. लाट धाडकन फुटते, ते सगळीकडचंच. खरी गंमत ती परतताना. हजारो गोटे तिच्यामागे थोडेसे घरंगळतात आणि एक लांबलचक खर्रर्र उठते, ट्रकमधून खडी ओतावी तशी. वाळूवर लाट परतते तेव्हा फक्त फेसाची सळसळ होते.

परतीची ही लाट इथे दुबळी असते, आणि सगळा किनारा उभा आहे तो त्या दुबळेपणावर. स्वयंपाकघरात एक प्रयोग करता येईल. एका गाळणीत रवा घ्या, दुसरीत हरभरे, आणि दोन्हींवर पेलाभर पाणी ओता. रव्यावर पाणी तुंबतं, हरभऱ्यांतून सरळ खाली जातं. वाळूच्या किनाऱ्यावर लाटेचं बरंचसं पाणी वरच्यावर मागे फिरतं आणि जाताना वाळूही ओढून नेतं, म्हणून पुळण सपाट पसरते. गोट्यांमध्ये मात्र वर चढलेलं पाणी फटींतून मुरतं. चढताना जोर, उतरताना नाही. दगड वर ढकलले जातात आणि तिथेच राहतात. चढ म्हणूनच इतका उभा. नीट पाहिलं तर या चढावर पायऱ्या दिसतात. एकेका वादळाची लाट कुठवर आली होती, याच्या त्या खुणा. १८२४ च्या नोव्हेंबरातल्या वादळात तर समुद्र बांधच ओलांडून गेला. फ्लीट गावचं चर्च त्यात कोसळलं, आणि एक जहाज लाटेबरोबर थेट बांधाच्या माथ्यावर येऊन बसलं.

पाण्यात उतरायचा मोह मात्र इथे आवरावा. उतार पाण्याखालीही तसाच खोल जातो, लाट कमरेवर न फुटता पायांवर फुटते, आणि बाहेर पडू पाहणाऱ्याच्या पायाखालचे गोटे सरकतात. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही इथे काही चालत नाही.

चेझिलची सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे निवड. पश्चिमेला वेस्ट बे गावापाशी गोटे वाटाण्याएवढे आहेत. पूर्वेकडे यावं तसे ते वाढत जातात आणि पोर्टलंडला मुठीएवढे होतात. जुने कोळी आणि चोरटा माल उतरवणारे काळोखात किनाऱ्याला लागले, की हाताला लागलेल्या गोट्यावरून आपण कुठे आलो ते ओळखत, असं सांगतात. हे निवडतं कोण? पोर्टलंडकडे लाटांचा मारा जास्त, हे एक. शिवाय मोठा गोटा बारीक खड्यांच्या वर डोकं काढून बसतो, म्हणून लाटेच्या तडाख्यात चटकन सापडतो आणि पुढे सरकतो. बारीक खडे एकमेकांच्या आडोशाला लपतात. सुपात पाखडल्यावर धान्य वेगळं व्हावं, तसा हा प्रकार. फक्त सूप २९ किलोमीटरचं आणि पाखडणं हजारो वर्षांचं.

याचा एक घरगुती फायदा आम्ही घेतला. मधल्या ॲबट्सबरी गावापाशी बोराएवढे, अगदी एकसारखे पाच गोटे दोन मिनिटांत मिळाले, आणि भाची सागरगोटे खेळायला बसली. (खरा सागरगोटा दगड नाहीच, गजग्याची बी. पण आजीच्या हातचा झेल ती विसरली नव्हती.)

मी तोवर मागे फ्लीटच्या संथ पाण्यावर भाकऱ्या मारत होतो. चपटा गोटा आडवा फेकायचा आणि तो पाण्यावरून टप्पे घेत जातो, तो खेळ. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिदेरिक बोके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राने चकत्या फेकून २००४ साली दाखवलं, की चकतीची पातळी पाण्याशी २० अंशांचा कोन करत असेल तर टप्पे सर्वांत चांगले पडतात. गिरकी हवीच, नाहीतर ती कलंडते. विक्रम ८८ टप्प्यांचा आहे, २०१३ सालचा, एका अमेरिकन माणसाचा. माझे चार. पण याच फ्लीटवर दुसऱ्या महायुद्धात बार्न्स वॉलिस या इंजिनियरने पाण्यावरून उड्या मारत जाणाऱ्या बाँबच्या पहिल्या चाचण्या घेतल्या होत्या, जर्मनीतली धरणं फोडण्यासाठी. म्हणजे भाकऱ्याच, फक्त विमानातून.

कोकणात असे किनारे का नाहीत? डोंगराच्या टोकांखाली कातळाचे गोटे आपल्याकडेही दिसतात, पण मैलोन् मैल नाही. उष्ण, दमट हवेत खडक रासायनिक रीतीने कुजतो, त्याची माती आणि बारीक कण होतात. थंड प्रदेशात, विशेषतः हिमयुगात, फटीतलं पाणी गोठून खडक फोडत राहिलं आणि मोठमोठे तुकडे पडले. नंतर बर्फ वितळून समुद्र चढला आणि त्याने ते सगळं किनाऱ्याकडे लोटलं. त्यात चकमकीसारखा न कुजणारा दगड असला तर मग विचारूच नका.

हा साठा मात्र फार हळू भरतो. शेजारच्या डेव्हन परगण्यात हॉलसँड्स नावाचं कोळ्यांचं गाव होतं. १८९७ पासून तिथल्या समुद्रतळावरून गोदीच्या बांधकामासाठी सुमारे साडेसहा लाख टन खडी-गोटे उपसले गेले. समुद्र ती भर पुन्हा घालील, असं गृहीत होतं. घातली नाही. किनारा खचत गेला, गावकऱ्यांच्या आरडाओरड्यानंतर १९०२ मध्ये उपसा थांबला, पण वेळ गेली होती. जानेवारी १९१७ च्या वादळात गाव उद्ध्वस्त झालं. माणसं वाचली, राहण्याजोगं घर एकच उरलं.

म्हणून चेझिलवर गोटे खिशात घालायला बंदी आहे. मला हे ठाऊक होतं, तरी एकाने मोह घातलाच. काळ्या-करड्या चकमकीत ओला, काळजाच्या रंगाचा, तांबूस. हा क्वार्ट्झाइट नावाचा टणक दगड, इथला नव्हे. चाळीस कोटी वर्षांहून जुना, आणि त्याचे सख्खे नातलग समुद्रापलीकडे फ्रान्सच्या ब्रिटनी भागात. एका फार पुरातन नदीने त्याच्यासारखे गोटे डेव्हनपर्यंत आणले आणि तिथल्या कड्यातून सुटून ते लाटांबरोबर इथवर पोचले.

तळहातावर उन्हात धरला तर पाच मिनिटांत त्याचा रंग उडाला. सुकलेल्या दगडावरचे बारीक खळगे उजेड सगळीकडे उधळतात आणि त्या पांढुरकेपणात खरा रंग हरवतो; पाण्याचा पातळ थर ते खळगे बुजवतो आणि रंग वर येतो. अंगठा ओला करून त्यावर फिरवला. अंगठ्याएवढा तांबूस ठिपका उमटला, बाकीचा राखाडी.

"मामा, ठेवा तो खाली," भाची म्हणाली.

ठेवला. पुढच्या लाटेनंतर कुठला तो, ओळखता आलं नाही.