फॉलोअर सोबत नेता येतात का?

कू बंद करत असल्याचं त्याच्या संस्थापकांनी जुलै २०२४मध्ये जाहीर केलं. ट्विटरला भारतीय पर्याय म्हणून २०२०मध्ये आलेलं हे अ‍ॅप मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालायचं. मंत्र्यांपासून क्रिकेटपटूंपर्यंत कितीतरी जणांनी तिथे खाती उघडली होती. त्याच्या दहा वर्षं आधी, ३० सप्टेंबर २०१४ला, गूगलने ऑर्कुट बंद केलं होतं आणि एप्रिल २०१९मध्ये गूगल प्लस. प्रत्येक वेळी फोटो किंवा मजकूर उतरवून घ्यायची काही ना काही सोय असते. जोडलेली माणसं मात्र उतरवून घेता येत नाहीत. कोण कुणाला ओळखतं याची नोंद कंपनीच्या संगणकावर असते आणि ती कंपनीसोबतच जाते.

म्हणून ‘अमुक सोडा, तमुकवर या’ अशी हाक आली की मला आधी एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: तिथून उद्या निघावं लागलं तर फॉलोअर सोबत नेता येतील का? अ‍ॅप स्वदेशी आहे की परदेशी, मालक सज्जन आहे की लहरी, हे त्यानंतरचं. कू स्वदेशी होतं, पण रचना ट्विटरचीच होती: एक कंपनी, एकच दार. ते बंद झालं आणि संपलं.

भारतात या प्रश्नाची पहिली मोठी चर्चा नोव्हेंबर २०१९मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं आणि त्याच्या निषेधात बरेच भारतीय मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच दुसऱ्या जाळ्यावर गेले. त्यातले पुष्कळ काही दिवसांत परतले, कारण ओळखीचं कुणी तिथे नव्हतं. दुसरी लाट जगभर आली ती ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस, इलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतलं तेव्हा. मॅस्टोडॉनवरच्या महिनाभरातल्या सक्रिय वापरकर्त्यांची संख्या नोव्हेंबरच्या पहिल्याच पंधरवड्यात १० लाखांवर गेली. डिसेंबरमध्ये ट्विटरने मॅस्टोडॉनचं अधिकृत खातं काही काळ बंद केलं आणि मॅस्टोडॉनच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या लिंकही अडवल्या. एकच दार असलेल्या घराचा मालक ते दार लावूही शकतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

मॅस्टोडॉन ही कंपनीची साइट नाही. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को यांनी २०१६मध्ये ते सॉफ्टवेअर लिहिलं आणि कुणालाही वापरायला खुलं केलं. एखादं विद्यापीठ, एखादा मित्रांचा गट किंवा एकटा हौशी माणूसही आपला सर्व्हर चालवू शकतो. असे हजारो सर्व्हर आहेत आणि ते अ‍ॅक्टिव्हिटीपब या समान नियमावलीने एकमेकांशी बोलतात. ही नियमावली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८मध्ये मान्य केली. खात्याचा पत्ता ईमेलसारखाच दिसतो: आधी तुमचं नाव, मग सर्व्हरचं नाव. (या पत्त्यातलं नाव अजूनही रोमन लिपीतच घ्यावं लागतं. देवनागरी चालते ती फक्त वर दिसणाऱ्या नावात.)

आता मला ज्या भागाचं मनापासून कौतुक आहे, तिथे येऊ. तुमचं खातं ‘अ’ सर्व्हरवर आहे आणि तुमची मैत्रीण ‘ब’ सर्व्हरवर. ती तुम्हाला फॉलो करते. तुम्ही पोस्ट लिहिलीत की ‘अ’ सर्व्हर ती ‘ब’च्या इनबॉक्समध्ये नेऊन टाकतो. हा इनबॉक्स इंटरनेटवर उघडा असतो, जगातला कुठलाही संगणक त्यात काहीही टाकू शकतो. मग आलेली पोस्ट तुमचीच आहे, हे ‘ब’ने ओळखायचं कसं? वर विचारायला कुणी मुख्य कार्यालय नाही.

उत्तर आहे सही, आणि ही सही आकड्यांची असते. खातं उघडताना ‘अ’ सर्व्हर तुमच्या नावाने दोन किल्ल्या तयार करतो. सार्वजनिक किल्ली तुमच्या खात्याच्या माहितीपत्रात सगळ्या जगासाठी लावून ठेवतो आणि खासगी किल्ली स्वतःजवळ राखतो. सही करायची खासगीने आणि तपासायची सार्वजनिकने. हे कसं जमतं, ते शाळेतल्या भागाकाराने करून पाहू.

३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. गुणाकार ३३. सार्वजनिक किल्ली म्हणून (३३, ३) ही जोडी जाहीर करा आणि ७ हा आकडा लपवून ठेवा. हा ७ आला कुठून? मूळ संख्यांतून एकेक वजा केला की २ आणि १० मिळतात, त्यांचा गुणाकार २०. आणि किल्लीतल्या ३चा व ७चा गुणाकार २१, त्याला २०ने भागलं की बाकी १ उरते. या बाकी १ वरच सगळा डोलारा उभा आहे.

समजा तुमच्या पोस्टचा सारांश-आकडा, म्हणजे मजकुरावरून ठरावीक रीतीने काढलेला आकडा, ५ आहे. सही करायची म्हणजे ५चा सातवा घात काढायचा, ७८,१२५, आणि त्याला ३३ने भागून बाकी घ्यायची. बाकी येते १४. ही तुमची सही. पोस्टसोबत १४ जातो. ‘ब’ सर्व्हरला लपवलेला ७ ठाऊक नाही, त्याच्याकडे फक्त (३३, ३) आहे. तो १४चा तिसरा घात काढतो, २,७४४, आणि ३३ने भागतो. बाकी ५. पोस्टचा सारांश-आकडा तो स्वतःही काढतो, तोही ५. जुळलं. वाटेत कुणी पोस्टमधला मजकूर बदलला असता तर सारांश-आकडा समजा ६ झाला असता, पण १४मधून ५च निघाला असता आणि लबाडी तिथल्या तिथे उघडी पडली असती.

३३चे अवयव कुणीही सांगेल, म्हणून खऱ्या किल्लीत २,०४८ बिटांची संख्या असते. दशमान पद्धतीत लिहिली तर सुमारे ६१७ अंकी. एवढ्या संख्येचे दोन मूळ अवयव शोधणं आजच्या कुठल्याही संगणकाला व्यवहारात शक्य नाही आणि अवयव सापडल्याशिवाय लपवलेला घातांक सापडत नाही. सारांश-आकडाही ५सारखा किरकोळ नसतो. शा-२५६ नावाच्या पद्धतीने कितीही लांबीच्या मजकुराचा २५६ बिटांचा ठसा काढतात. मजकुरातला एक काना बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. पाठवण्याची तारीख-वेळही सहीखाली घेतलेली असते, त्यामुळे जुनी सही केलेली चिठ्ठी कुणी पुन्हा पाठवली तर ती नाकारता येते.

इथे एक सांगायलाच हवं: अशी सही वेगळी आणि नुसता मंत्र वेगळा. ‘फेसबुकला माझे फोटो वापरण्याची मी परवानगी देत नाही’ हा मजकूर स्वतःच्या भिंतीवर चिकटवायचा आणि चोवीस तासांत पुढे पाठवायचा, ही प्रथा वर्षानुवर्षं चालू आहे. कधी त्यात रोमच्या आंतरराष्ट्रीय कराराचा हवालाही असतो. हा मंत्र आहे, त्याने काहीही होत नाही. खातं उघडताना मान्य केलेल्या अटी अशा पोस्टने बदलत नाहीत. आणि विकेंद्रित (एका कंपनीच्या हाती नसलेलं) म्हणजे ब्लॉकचेन, क्रिप्टो नाण्यांमागचं तंत्र, म्हणून आमचं टोकन घ्या, असं सांगणाऱ्यांपासूनही दूर राहा. मॅस्टोडॉनला किंवा ब्लूस्काय या ट्विटरच्या दुसऱ्या पर्यायाला कुठलंही नाणं लागत नाही.

आता स्थलांतर. तुम्हाला ‘अ’वरून ‘क’वर जायचं आहे. आधी ‘क’वर नवं खातं उघडून त्याच्या सेटिंगमध्ये लिहायचं: ‘अ’वरचं ते खातंही माझंच. मग ‘अ’वर जाऊन ‘हलवा’ ही आज्ञा द्यायची. ‘अ’ सर्व्हर तुमच्या सहीनिशी तुमचे फॉलोअर असलेल्या प्रत्येक सर्व्हरला कळवतो की हे खातं ‘क’वर गेलं. तो निरोप मिळालेला प्रत्येक सर्व्हर ‘क’वरचं नवं माहितीपत्र उघडून पाहतो. तिथे जुन्या खात्याचा उल्लेख असेल तरच तो आपल्या सदस्यांना जुन्यावरून काढून नव्यावर जोडतो. तुमच्या मैत्रिणीला बोटही हलवावं लागत नाही.

दोन्ही बाजूंनी हो का लागतो, हे पाहिलं की ही रचना किती विचाराने केली आहे ते कळतं. नुसत्या नव्या खात्याच्या शब्दावर काम झालं असतं, तर कुणीही तोतया ‘मीच ती’ म्हणून तुमचे फॉलोअर पळवून नेता. नुसत्या जुन्याच्या शब्दावर झालं असतं, तर कुणीही आपले हजारो फॉलोअर एखाद्या बेसावध माणसाच्या खात्यावर लोटून देता. दोन्ही टोकांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तरच हलवणं खरं, आणि या सगळ्यात तिसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही.

पण जुन्या पोस्ट येत नाहीत. प्रत्येक पोस्टचा पत्ता ‘अ’च्या नावाने सुरू होतो, ती तिथेच राहते. खासगी किल्लीही तुमच्या हातात नसते, सर्व्हरकडे असते. म्हणजे ‘अ’ अचानक गेला तर ‘हलवा’ म्हणायलाही कुणी उरत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये असंच घडलं. क्विअर.एएफ नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर अफगाणिस्तानच्या ‘.एएफ’ या डोमेनवर, म्हणजे देशाच्या वेबपत्त्यावर, होता. तालिबान सरकारने क्विअर.एएफ हे नावच बंद केलं. सर्व्हरचं यंत्र धडधाकट होतं, पण नाव गेलं आणि त्या नावावर उभे असलेले सगळे पत्ते निकामी झाले.

ब्लूस्काय इथे वेगळ्या वाटेने गेलं. ट्विटरमध्येच २०१९ साली या प्रकल्पाची घोषणा झाली, पुढे त्याची स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४पासून ते सगळ्यांना खुलं आहे. इथे तुमची मूळ ओळख म्हणजे २४ अक्षरांचा एक कायमचा संकेत. तोही एका ठशातूनच तयार होतो आणि त्यात सर्व्हरचं नाव नसतं. तो संकेत सध्या कुठल्या सर्व्हरवर राहतो, ही वेगळी नोंद. मोबाइलचा नंबर तोच ठेवून १९००वर एसएमएस पाठवायचा आणि कंपनी बदलायची, ही सोय आपल्याकडे जानेवारी २०११पासून देशभर आहे. हे बरंचसं तसंच आहे.

फरक पोस्टमध्ये आहे. ब्लूस्कायवर तुमच्या साऱ्या नोंदी एका झाडात रचलेल्या असतात. प्रत्येक नोंदीचा ठसा, ठशांच्या गटाचा ठसा, असं वर चढत जाऊन शेवटी एकच ठसा उरतो आणि सही त्याच्यावर होते. खालची एक नोंद बदलली तर वरचा ठसा बदलतो. त्यामुळे हे सगळं झाड एका फाइलीत उतरवून दुसऱ्या सर्व्हरवर लावता येतं आणि नोंदी तुमच्याच आहेत हे जुन्या सर्व्हरला न विचारता तपासता येतं. जुना सर्व्हर बंद पडला असला तरीही, मात्र त्यासाठी ती फाइल आणि ओळख बदलण्याची किल्ली तुमच्याजवळ हवी. प्रत्यक्षात बहुतेकांची खाती आजही कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत आणि किल्ल्याही तिच्याकडेच. रचनेत मोकळीक आहे, ती वापरणारे थोडे आहेत.

मॅस्टोडॉनवर थेट निरोप पाठवताना लक्षात असू द्या की ते टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणारा वाचू शकतो, तुमचाही आणि समोरच्याचाही. पोस्ट खोडली की इतर सर्व्हरना ‘खोडा’ असा निरोप जातो. बहुतेक तो पाळतात, पण तो पाळायला भाग पाडणारं कुणी नाही. खासगी बोलायला ही जागा नव्हे, चारचौघांत बोलायला आहे.

जायचं ठरवलंच असेल तर असा सर्व्हर बघा, ज्याचा खर्च कोण करतं आणि बंद करायची वेळ आली तर किती आधी कळवणार, हे तिथे लिहिलेलं आहे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्या मोठ्या संस्थेनेही आपला मोझिला.सोशल हा सर्व्हर डिसेंबर २०२४मध्ये बंद केला. सप्टेंबरमध्येच तसं सांगितलं होतं, म्हणून लोकांना हलायला जवळजवळ तीन महिने मिळाले. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी सेटिंगमधून सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल म्हणून उतरते, ती अधूनमधून उतरवून ठेवा. नवा सर्व्हर ती थेट वाचतो. आणि ‘हलवा’ची आज्ञा देण्याआधी नव्या जागी थोडे दिवस राहून पाहा, कारण एकदा हललात की त्या खात्यावरून पुन्हा हलायला ३० दिवस थांबावं लागतं.