जुना आय-सेव्हन नव्या आय-थ्रीपेक्षा भारी? नाही!

खानापूर, निपाणीकडून बेळगावात पत्रकारिता शिकायला येणाऱ्या पोरांना एक सल्ला हमखास मिळतो : "लॅपटॉप सेकंडहँड का असेना, आय-सेव्हनच घे." हे चुकीचं आहे. आय-थ्री, आय-सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूची, नावं. आधी त्या प्रोसेसरची पिढी बघा. सहाव्या पिढीतल्या आय-सेव्हन ६६००यूमध्ये २ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), तर बाराव्या पिढीतल्या आय-थ्री १२१५यूमध्ये ६. शिवाय सहाव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्यांचे कष्टाचे पैसे अशा मशीनवर घालवू नका.

बातम्या लिहायला, मुलाखतीचा ऑडिओ कापायला ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान स्टोरेज) पुरते. मराठी-कन्नड टायपिंगसाठीही वेगळा खर्च नको. दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात. वाचलेल्या पैशांत चांगला माइक घ्या.