लाल पोटॅश कुठून येतं आणि पानात काय करतं

"लाल पोटॅशला रंग मारलेला असतो, पांढरंच घ्या," असं रावेर-यावलकडचे केळीवाले या खताबद्दल हमखास सांगतात. मूठभर लाल दाणे ग्लासभर पाण्यात ढवळून बघा. मीठ विरघळतं, तळाशी विटकरी गाळ बसतो. तो लोहाचा ऑक्साइड, खाणीतूनच आलेला. पोटॅशियम क्लोराइड दोन्हीत एकच.

हे दाणे म्हणजे आटलेला समुद्र. समुद्राचं पाणी आटताना आधी जिप्सम खाली बसतं, मग साधं मीठ आणि अगदी शेवटी पोटॅश. म्हणून मोठे साठे मोजक्याच ठिकाणी आहेत. कॅनडातल्या सस्कॅचेवानचा थर सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीचा, जमिनीखाली साधारण एक किलोमीटर. कॅनडा, रशिया, बेलारूस मिळून जगातलं निम्म्याहून जास्त पोटॅश काढतात. आपण जवळजवळ सगळं बाहेरून आणतो. 2022 मध्ये निर्बंध आणि युद्धामुळे पुरवठा अडला, तेव्हा भारताला टनाला 590 डॉलर मोजावे लागले.

एवढ्या लांबून आलेला पालाश, म्हणजे पोटॅशियम, झाडात करतो काय? नत्र (नायट्रोजन) प्रथिनांत गुंफला जातो, स्फुरद (फॉस्फरस) डीएनएत. पालाश मात्र शेवटपर्यंत पाण्यात मोकळाच फिरतो. पानाच्या प्रत्येक रंध्राला, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या बारीक छिद्राला, दोन रक्षक पेशी असतात. उजेड पडला की त्या हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतात. त्यामुळे आत ऋणभार वाढतो, आणि धनभाराचे पोटॅशियम आयन प्रथिनांच्या दारांतून आत शिरतात. आतला रस दाट झाला की परासरणाने पाणीही मागोमाग येतं. पेशी फुगते, पण रंध्राकडची भिंत जाड असल्याने धनुष्यासारखी वाकते. दोन धनुष्यांमध्ये फट पडते आणि कार्बन डायऑक्साइड आत जातो. पाण्याची टंचाई झाली की पोटॅशियम बाहेर, पाणी बाहेर, फट बंद. पालाश कमी पडला तर हे दार ना नीट उघडतं, ना घट्ट मिटतं. झाड जुन्या पानांतला पालाश काढून नव्यांना देतं, म्हणून आधी खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात.

अमुक द्रावण सोडलं की जमिनीत पालाश "तयार" होतो, हा दावा साफ खोटा आहे. जिवाणू खनिजात अडकलेला पालाश थोडाफार सोडवतात. मूलद्रव्य घडवणं कुठल्याही जिवाला जमत नाही.

केळीचा घड ट्रकमध्ये चढतो तेव्हा बराच पालाश शेतातून कायमचा जातो. पण खोडात आणि पानांतही तो भरपूर उरतो. कापलेली खोडं बांधावर फेकण्याऐवजी कुट्टी करून सरीत पसरा. पालाश कशातच बांधलेला नसल्यामुळे खोड कुजायची वाटही न बघता तो पाण्याबरोबर मातीत उतरू लागतो.