भिंग नसलेला कॅमेरा

गेमच्या फोटो मोडमधल्या, म्हणजे खेळातलं दृश्य टिपण्याच्या सोयीतल्या, कॅमेऱ्याला भिंग नसतं. सुईच्या छिद्रातून पाहावं तसं सगळं दृश्य एका बिंदूतून मोजलं जातं आणि पुढचं-मागचं सगळंच लख्ख दिसतं. धूसर पार्श्वभूमी हे नंतर वरून चढवलेलं गणित. म्हणूनच खऱ्या छायाचित्रणातल्या ज्या युक्त्या भूमितीवर चालतात त्या इथे जशाच्या तशा लागू पडतात. प्रकाश आणि भिंग यांच्यावर विसंबणाऱ्या युक्त्यांत मात्र फसगत होते.

भूमितीतली पहिली गोष्ट म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे कॅमेरा किती अंशांचा कोन पाहतो ते. ३६ मिमी रुंद सेन्सर धरला तर ९० अंशांचा आडवा कोन म्हणजे १८ मिमी फोकल लांबीची लेन्स, सुमारे ४० अंश म्हणजे ५० मिमी आणि २४ अंश म्हणजे ८५ मिमी. काही गेम उभा कोन दाखवतात. १६:९ पडद्यावर उभे ६० म्हणजे आडवे सुमारे ९१, तेव्हा आकडा कोणता आहे ते आधी पाहून घ्या. ९० अंशांवर एक मीटरवरून चेहरा टिपला की नाक फुगतं. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. कोन २४ वर आणा आणि कॅमेरा चेहऱ्यापासून ४.७ मीटरवर न्या; चेहरा तेवढाच मोठा राहील, नाक जागेवर येईल.

पण हीच युक्ती ताणून दूरचा पुतळा २०० मिमीने ओढून घेतला, तर तो चिखलाच्या गोळ्यासारखा दिसण्याची शक्यता बरीच. संगणकावरचा भार कमी व्हावा म्हणून बरेच गेम दूरच्या वस्तूंच्या जागी ढोबळ मॉडेल ठेवतात, आणि कोन अरुंद केला म्हणून ते बदलतीलच असं नाही. तिथे सरळ जवळ जावं.

धूसरपणाचं दुखणं वेगळं. गेम प्रत्येक पिक्सेलसाठी अंतराचा एकच आकडा ठेवतो. काच, धूर यांसारख्या पारदर्शक गोष्टींची त्यात बहुधा नोंदच नसते. मग खिडकीच्या काचेवर फोकस केला तरी तिच्यावरचे थेंब मागच्या झाडांबरोबर पुसट होतात, आणि केसांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी रेघ उमटते. एफ/१.४ चा मोह सोडून एफ/४ वर या (एफचा आकडा जितका लहान तितकं अपर्चर, म्हणजे प्रकाश येण्याचं छिद्र, मोठं आणि धूसरपणा जास्त); कडा पुष्कळ सावरतात. कडा पुष्कळ सावरतात.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये किरण खरोखरच अपर्चरमधून सोडले जातात, त्यामुळे हे दोष येत नाहीत. तिथे घोळ होतो तो मापाचा. ५० मिमी, एफ/२.८ वर तीन मीटरवरच्या माणसाभोवती साधारण ६० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. तेच सगळं दृश्य चुकून दहापट लहान बनवलं, तर अंतर ३० सेंटिमीटर होतं आणि पट्टा उरतो जेमतेम ५ मिलिमीटर. माणूस खेळण्यातल्या बाहुलीसारखा दिसतो तो यामुळेच. आणि हो, ब्लेंडरमध्ये एफ-स्टॉप बदलल्याने उजेड बदलत नाही. त्यासाठी एक्स्पोजरची सेटिंग वेगळी आहे.

डबक्यातलं प्रतिबिंब टिपताना कॅमेरा खाली झुकवला की प्रतिबिंबातल्या इमारतीचा माथा अचानक गायब होतो. पुष्कळ गेम जे पडद्यावर दिसतं त्याचंच प्रतिबिंब काढतात. इमारत चौकटीबाहेर गेली की पाण्यातूनही गेली. माथा चौकटीत राहील एवढी मोकळी फ्रेम घ्यावी, कातरकाम नंतर करावं. रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याची, सोय असेल तर ती चालू करावी, हा त्रास बराचसा टळतो.

धबधब्याचं पाणी रेशमी हवं असेल तर मात्र फोटो मोडचा उपयोग नाही, कारण त्यात बहुधा काळच थांबतो. खेळ चालू ठेवून, कॅमेरा जराही न हलवता, पाव-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने १६ स्क्रीनशॉट घ्या आणि फोटो एडिटरमध्ये एकावर एक लेयर रचा. सगळ्यांत खालच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) १०० टक्के, दुसऱ्याची ५०, तिसऱ्याची ३३, चौथ्याची २५. म्हणजे १०० भागिले लेयरचा क्रमांक. सगळ्यांना ५० दिली तर वरचाच स्क्रीनशॉट अर्धं चित्र व्यापतो आणि पाणी रेशमी न होता दुहेरी दिसतं. वाऱ्याने हलणारी पानंही या सरासरीत पुसट होतात, तेव्हा झाडं चौकटीच्या कडेला गेलेली बरी.